प्रवासी नसलेली तिकिटं

कंडक्टरबाई आमच्याकडे आली ती थंडीच्या दुसऱ्या आठवड्यात. आल्या दिवशी तिने हॉलमधल्या खुर्च्या उचलल्या, दोन-दोनच्या रांगा लावल्या, मधून एक वाट सोडली आणि त्या वाटेत जाऊन उभी राहिली. मला वाटलं, फरशी पुसायला नवीन बाई ठेवली असेल, आता बादली आणायला जाईल. ती गेली नाही. पाय जरासे फाकवून, जमीन आत्ता हलेल अशा बेताने, अर्धा तास रिकाम्या खुर्च्यांकडे बघत उभी राहिली.

थंडीत वृद्धाश्रमात माणसं दिसत नाहीत, पांघरुणं दिसतात. सकाळी चहा आला की पांघरुणातून एक हात बाहेर येतो, कप आत जातो, थोड्या वेळाने कप बाहेर येतो. आम्ही सव्वीस जण. थंडी संपली की डॉक्टर यायचे आणि कुणाचा गुडघा धरलाय, कुणाचा खांदा वर जात नाही, ते एकेकाचं हलवून बघायचे. शेवटी ते वैतागले. संस्थेच्या साहेबांना म्हणाले, तीन महिने यांना अंथरुणात ठेवायचं असेल तर मला बोलावू नका, सुताराला बोलवा, तो बिजागऱ्यांना तेल घालेल.

म्हणून साहेबांनी हिवाळी उपक्रम काढला. आधी नुसता कागदावर. सोमवारी फुगे उडवणे, मंगळवारी रंगीत कागद चिकटवणे, बुधवारी चिकटवलेल्या कागदांचे प्रदर्शन. कागद दारावर लागला आणि आमच्यातला एकही जण उठला नाही. जन्मभर काय काय चिकटवून धरलं ते आमचं आम्हाला माहीत, आता वर कागद कोण चिकटवणार. मग साहेबांनी या कामाला माणूस ठेवायचं ठरवलं. अर्ज एकच आला, तो हिचा.

अठ्ठावीस वर्षं ती गावोगाव थांबणाऱ्या गाडीवर कंडक्टर होती. वय त्रेसष्ट. अंगाने काटकुळी, आवाज मात्र मागच्या सीटपर्यंत जाणारा. मॅनेजरने पहिल्याच दिवशी आमच्यासमोर तिला अट सांगितली. थंडी संपेपर्यंत मुदत. हॉलमध्ये रोज सरासरी पंधरा माणसं आली तर जागा कायम. नाहीतर काय, ते तो बोलला नाही. पेनाला टोपण लावलं आणि गेला.

नाहीतर काय, ते मला तिच्याकडूनच कळलं. संध्याकाळी ती माझ्या गरम पाण्याच्या पिशवीत पाणी भरत होती. मी आपलं विचारलं, घरी कोण असतं. म्हणाली, नवरा गेला, मुलगा-सून चांगले आहेत, सातव्या मजल्यावर राहतात, लिफ्ट आहे. मुलाला तिने शब्द दिला होता, ही जागा कायम झाली नाही तर मी तुझ्याकडे राहायला येईन. मी म्हटलं, मग वाईट काय आहे त्यात. तर पिशवीचं झाकण घट्ट करत म्हणाली, “आजी, सून मला म्हणते, आई, आता तुम्ही फक्त आराम करा. मी अठ्ठावीस वर्षं उभी होते. मला कुणी आराम शिकवलेला नाही. गेल्या थंडीत महिनाभर राहून आले, तर भिंतीवरच्या घड्याळाशी भांडायला लागले होते.”

तर असं होतं. पंधरा माणसं, नाहीतर सातवा मजला.

पहिल्या दिवशी हॉलमध्ये पाच जण आले. त्यातल्या दोघी बहिणींना वाटलं होतं जेवण लवकर लावलंय. दुसऱ्या दिवशी चार आले. तिसऱ्या दिवशी बाईने एक पिशवी आणली. पिशवीत जुन्या कागदी तिकिटांचे गठ्ठे होते. गाड्यांवर यंत्रं आल्यावर ते रद्दीत निघाले होते, तेव्हा तिने मागून घेतलेले. आणि एक लोखंडी चिमटा, तिकिटाला भोक पाडायचा. तो चिमटा टिकटिक वाजवत ती सगळ्या खोल्यांतून फिरली. तोंडाने काही बोलली नाही.

आता यात शहाणपण किती आणि सवय किती ते मला सांगता यायचं नाही. पण ‘चला व्यायामाला’ म्हटल्यावर जी माणसं भिंतीकडे तोंड करून झोपायची, ती त्या टिकटिकीला उठून बसली. कुलूपवाले काका तर कानाने अधू, तरी उठले आणि चपला शोधायला लागले. त्यांना गाडी सुटेल असं वाटलं. उठल्यावर लक्षात आलं की आपल्याला कुठेच जायचं नाहीये, पण तोवर चपला घालून झाल्या होत्या.

त्या दिवशी नऊ जण झालो.

गाडी अशी चालायची. हॉलला उगवतीकडे तीन मोठ्या खिडक्या. दहा वाजता खिडकीतून ऊन यायचं आणि फरशीवर पट्टा पडायचा. त्या पट्ट्यात खुर्च्या. बाई वाटेतून एकेकापाशी यायची, तिकीट फाडायची, भोक पाडायची. भाडं म्हणजे हात. जवळच्या तिकिटाला पाच वेळा हात वर, लांबच्याला दहा वेळा. हृदयवाल्यांना हाफ. मग ती डबल बेल द्यायची, म्हणजे स्टीलच्या पेल्यावर चमच्याने दोनदा, आणि गाडी निघायची. उजवं वळण आलं की सगळ्यांनी उजवीकडे झुकायचं. ब्रेक लागला की दोन्ही पाय फरशीत रोवायचे. खड्डा आला की बूड उचलायचं. खड्डे ती फार घालायची. रस्त्याची अवस्था तिला ठाऊक होती.

आणि ऊन थांबत नाही. पंधरा मिनिटांत पट्टा दीड फरशी पुढे सरकायचा, हे कुलूपवाल्या काकांनी मोजून काढलं. पट्टा सरकला की बाई म्हणायची, गाडी पुढे घ्या. मग सगळ्यांनी उठायचं, आपापली खुर्ची दीड फरशी ओढायची, पुन्हा बसायचं. साडेअकरापर्यंत असं सहा वेळा. डॉक्टर म्हणाले, मी चार वर्षं हेच सांगतोय, खुर्चीतून उठा आणि बसा. आम्ही म्हटलं, तुम्ही ऊन जातंय असं कधी म्हणाला नाहीत.

रोज एकाने सांगायचं, गाडी कुठे न्यायची. कुणी कचेरीत न्यायचं, कुणी जुन्या शाळेत. आमच्यातल्या निवृत्त पोस्टमनने तर आठवडाभर आपली टपालाची सगळी वाटणी फिरवून आणली, कुठल्या घरी कुत्रं होतं त्यासकट. माझी पाळी आली तेव्हा मी म्हटलं, माहेरी. बाईने विचारलं, थांबा कुठला. मी म्हटलं, पूल संपला की उतरायचं, पुढे चालत. ती म्हणाली, आज दारापर्यंत नेऊ. खरं तर त्या रस्त्याने गाडी कधीच जात नव्हती, तिथे बैलगाडीसुद्धा रुतायची. त्या दिवशी गेली. दोन वळणं डावीकडे, एक उजवीकडे, आणि आमचे तेरा जण पुलावर श्वास धरून बसले होते. मी कठडा नाही म्हणून सांगितलं होतं ना.

तेराच. पंधरा काही होईनात. उरलेले तेरा खाटेवरचे. कुणाला उठवत नाही, कुणाला उठायचं नाही.

त्यातलीच एक आक्का, माझ्या खोलीतली. आक्का कपड्यांच्या कारखान्यात मुकादम होती. तिच्या नुसत्या खोकण्याने साठ बायका मान खाली घालून शिवायच्या. दोन वर्षांपूर्वी न्हाणीघरात पाय घसरला आणि कंबरेजवळचं हाड मोडलं. हाड जुळलं. डॉक्टर म्हणाले, चाकाच्या खुर्चीत बसून फिरा. खुर्ची आली. आक्का तिच्यावर शाल वाळत घालायची. कुणी ढकलत नेलेलं साठ बायकांच्या मुकादमाला चालणार नव्हतं.

तर गाडी सुरू झाल्याच्या पहिल्या-दुसऱ्या दिवसाची गोष्ट. बाई तिकीट फाडायला माझ्यापाशी आली आणि माझ्या तोंडून निघून गेलं, दोन द्या, एक आक्काचं. मी मुद्दाम नाही म्हटलं. माझ्या अख्ख्या जन्मात मी एकटीचं तिकीट कधी काढलेलंच नाही. नवरा असायचा, पोरं असायची, नणंद असायची. एक तिकीट मागायला जीभच वळत नाही. बाईने माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली, भाडं दोघींचं द्यावं लागेल. मी वीस वेळा हात वर केले. शेवटचे चार कुथत कुथत.

तिकीट आक्काला नेऊन दिलं. तिने चष्मा लावला, उलटंसुलटं करून बघितलं. “कुठपर्यंतचं आहे?”

“मंडईपर्यंत.”

“मंडईत काय ठेवलंय,” म्हणाली आणि तिकीट उशीखाली सरकवलं. दुसऱ्या दिवशी मी हॉलमधून आले तर हात पुढे. आजचं? आणि मग रोज विचारायची, आज कुठे गेलो आपण.

माझं बघून सगळ्यांनीच सुरू केलं. कुलूपवाले काका खोलीतल्या तिघांची काढायचे आणि चाळीस वेळा हात वर करायचे. घाम पुसायचे थंडीत. दोघी बहिणींचं वेगळंच. थोरली म्हणायची दोन द्या, एक धाकटीचं. मागून धाकटी म्हणायची दोन द्या, एक थोरलीचं. जन्मभर एकमेकींना उपाशी ठेवायचं नाही अशी त्यांची रीत. पोस्टमन रोज दोन घ्यायचा, एक आमच्या मंडळींचं म्हणायचा. आम्ही सगळे कुठे ना कुठे बघायचो. त्याची बायको जाऊन सहा वर्षं झाली होती. बाईला ते माहीत नव्हतं, तिला वाटायचं बायकांच्या खोलीत कुठेतरी असतील. आम्ही सांगितलं नाही. माणूस वीस हात वर करत होता, आपण मध्ये कोण बोलणार.

आता इथे गंमत झाली. रोज साडेअकराला मॅनेजर हजेरीच्या कागदावर लिहायला विचारायचा, आज किती. बाई तिकिटांचा गठ्ठा बघून सांगायची. तिच्या धंद्यात मोजायचं तेच, किती फाडली. माणूस मधल्या थांब्यावर उतरो की झोपून राहो, भाडं आलं आणि तिकीट गेलं की तो प्रवासी. खोटं तिच्या मनातही नव्हतं. वीस, चोवीस, सव्वीस. मॅनेजर खूश. तो काही हॉलमध्ये यायचा नाही, तिथे खिडकीतून वारा लागायचा.

एक दिवस कागदावर एकोणतीस लागले. सव्वीस जणांच्या घरात एकोणतीस हजर.

तो कागद वाचून साहेब न सांगता आले. साहेब कडक माणूस, पण मफलर नाकापर्यंत गुंडाळून बोलायचे, त्यामुळे निम्मा राग मफलरमध्येच राहायचा. ते दारात आले तेव्हा गाडी उजव्या वळणावर होती आणि आम्ही तेरा जण एका बाजूला कलंडलेलो होतो. ते घाबरले. त्यांना वाटलं चहातून काही गेलं. मग त्यांनी बोटाने मोजलं. पुढून मोजलं, मागून मोजलं. पुढून तेरा, मागून तेरा.

बाईने ते बोट बघितलं आणि ताठ झाली. आम्हाला हळूच म्हणाली, चेकिंग आहे, तिकिटं हातात धरा. आम्ही हात वर केले. कुणाच्या हातात दोन, कुणाच्या तीन, काकांच्या चार.

साहेबांनी मफलर खाली केला. “बाई, तिकीट नसलेले प्रवासी मी ऐकलेत. प्रवासी नसलेली तिकिटं पहिल्यांदाच बघतोय.”

“भाडं पूर्ण आलंय साहेब,” बाई म्हणाली. “एकाचंही कमी नाही.”

मग एकेकाची चौकशी झाली. काकांनी तिघांची नावं सांगितली. बहिणी एकमेकींकडे बोट दाखवून मोकळ्या झाल्या. मी आक्काचं सांगितलं. पोस्टमन म्हणाला, आमच्या मंडळींचं. साहेबांनी विचारलं, त्या कुठल्या खोलीत. पोस्टमनने तिकिटाची घडी घातली, उलगडली. म्हणाला, ती नसते आता. सहा वर्षं झाली.

ऊन दीड फरशी पुढे गेलं होतं. गाडी पुढे घ्या असं कुणी म्हटलं नाही. बाई त्या गठ्ठ्याकडे बघत राहिली. अठ्ठावीस वर्षांत तिच्यावर चेकरने एकदाही शेरा मारलेला नव्हता, हे तिने आम्हाला पूर्वीच सांगितलं होतं. दोनदा सांगितलं होतं.

साहेबांनी शेरा मारला नाही, पण निकाल दिला. सगळे जुने आकडे रद्द. पुढच्या सोमवारी मी स्वतः येईन आणि डोकी मोजीन, तिकिटं नाही. खुर्चीत बसलेली पंधरा डोकी दिसली तर बैठकीत जागा कायम करा म्हणून मी सांगतो. कमी असली तर माझा नाइलाज आहे.

ते गेल्यावर आमच्यात फार बेत शिजले. काका म्हणाले, खोलीतल्या दोघांना मी खांद्यावर घेऊन येतो. काकांचं वय एकोणऐंशी. धाकटी बहीण म्हणाली, स्वयंपाकीणबाईंना शाल गुंडाळून बसवू, तशाही त्या वयस्कर दिसतात. बाईने काहीच ऐकलं नाही. म्हणाली, प्रवाशाला ओढून चढवत नाहीत.

दुसऱ्या दिवशी पोस्टमनने दहाच हात वर केले आणि एकच तिकीट मागितलं. बाई तिथेच थांबली.

“दुसरं?”

“आता कळलंय ना तुम्हाला.”

“मला कळलं म्हणून त्यांची जागा गेली का? हात वर करा.”

त्याने केले. दहा झाल्यावर ती पुढे गेली. त्या दिवशी खड्डे जरा कमी होते.

मी मात्र आक्काच्या मागे लागले होते. सरळ विचारून आक्का काही करत नाही, हे मला दोन वर्षांत कळलेलं. मी पाठीला उशी लावता लावता म्हटलं, ती तिकिटं टाकून दिलीस तरी चालेल आता, साहेब म्हणाले खोटी आहेत. साहेब नेमकं असं म्हणाले नव्हते. थोडं मीठ मी घातलं.

आक्काने उशीखाली हात घालून गठ्ठा काढला. शिलाईच्या दोऱ्याने नीट बांधलेला. “बेचाळीस आहेत,” म्हणाली. “एकेक तू वीस हात करून आणलंयस. खोटी?”

“असं म्हणाले.”

आक्का खोकली. माझी मान आपोआप खाली गेली. रविवारी रात्री दिवा घालवायच्या आधी एवढंच म्हणाली, त्या खुर्चीवरची शाल काढून ठेव.

सोमवारी साहेब दहाला आले. आमचे बारा जण बसलेले होते, स्वेटर घालून, केस विंचरून. मी आक्काची खुर्ची ढकलत आणली. खरं म्हणजे मी मागे नुसती धरून चालत होते. चाकं ती आपल्याच हाताने फिरवत होती. तिने ती सरळ साहेबांपर्यंत नेली आणि गठ्ठा त्यांच्या हातात ठेवला. म्हणाली, यातलं खोटं कुठलं ते काढून दाखवा. साहेबांनी दोरा सोडला, दोन-तीन तिकिटं बघितली, पुन्हा बांधली. म्हणाले, एकही नाही. आक्का म्हणाली, मग लिहा. आणि पुढच्या रांगेपाशी जाऊन बसली. बाईने तिचं तिकीट फाडलं. आक्काने मोजून दहा वेळा हात वर केले, कोपर न वाकवता.

साहेबांनी डोकी मोजली. चौदा. पुन्हा मोजली. पुन्हा चौदा.

मग मला सुचलं. मी उभी राहिले आणि म्हटलं, साहेब, आपल्याकडे साठीच्या पुढची माणसं घेतात. बाई त्रेसष्टच्या आहेत. त्यांना धरा, पंधरा होतात.

साहेबांचं पेन थांबलं. त्यांनी आमच्याकडे बघितलं, बाईकडे बघितलं. मफलरमधून म्हणाले, हरकत नाही. मी शपथेवर सांगते, ते लिहायलाच लागले होते.

“कंडक्टर प्रवाशांत धरत नाहीत, साहेब,” बाई म्हणाली.

“अहो, मी धरतोय ना.”

“तुम्ही धराल. मी अठ्ठावीस वर्षं नाही धरला.”

मी तिची बाही ओढली. थोरलीने तिला डोळा मारला, वयाच्या चौऱ्याऐंशीव्या वर्षी. साहेबांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. ते वेळ देत होते, हे काकांनासुद्धा कळलं. बाई वाटेत उभी होती, पाय फाकवून, आणि गठ्ठ्यातली तिकिटं सारखी करत होती. साहेबांनी ‘चौदा’ लिहिलं.

दिवसभर मी तिच्याशी बोलले नाही. तिने माझी पिशवी भरून आणली तेव्हाही नाही. पाणी नेहमीपेक्षा गरम होतं, तरी नाही.

आठ दिवसांनी पत्र आलं. त्यात आभार दोन ओळींचे होते आणि नकार अर्ध्या ओळीचा. थंडी संपेपर्यंत बाई रोज आली, रोज चौदा तिकिटं आणि वर पोस्टमनचं एक, खाटेवरच्यांची तर आहेतच. शेवटच्या दिवशी तिने विचारलं, गाडी कुठे न्यायची. आक्का म्हणाली, कारखान्यात. नेली. उतरताना आक्काने सगळ्यांना दहा मिनिटं उशीर झाला म्हणून बोलून घेतलं.

दुपारी मुलगा न्यायला आला. चांगला माणूस, साधा. आईच्या पाठीला टेकायला गाडीत उशी घेऊन आला होता. ती उशी बाईने हातात धरली, टेकली नाही. फाटकातून बाहेर पडेपर्यंत ती मागच्या सीटवर ताठ बसलेली दिसत होती.

पुढचे दिवस मी काय सांगू. सवयीने आम्ही दहाला हॉलमध्ये जायचो. ऊन पट्ट्याने पुढे जायचं आणि आम्ही सावलीत बसून राहायचो. एकदा काकांनी चमचा पेल्यावर आपटला, पण त्यांना स्वतःलाच तो ऐकू आला नाही, आणि आम्हाला वाटलं जेवण लागलं. आठव्या दिवशी सात जण होते. दहाव्या दिवशी मी आणि आक्का.

बाराव्या दिवशी फाटकाशी गाडी थांबली आणि बाई उतरली. हातात पत्र्याची पेटी. मॅनेजरला वाटलं राहिलेलं सामान न्यायला आली. तिने त्याच्याकडे अर्ज मागितला, दाखल होण्याचा. बायकांच्या बाजूला एक खाट रिकामी होती, ते तिला ठाऊक होतं. मॅनेजर म्हणाला, जागा निघालेली नाही बाई. ती म्हणाली, मला नोकरीचा नको, खाटेचा द्या.

तासाभरात मुलगा धापा टाकत आला. मी हॉलच्या दारातच बसले होते, उठायला वेळ लागतो मला. तो म्हणाला, आई, लोक म्हणतील मी तुला आश्रमात टाकलं.

“टाकलेली माणसं पेटी घेऊन गाडीने येत नाहीत,” ती म्हणाली. “सांग लोकांना, तिची ती गेली.”

“आम्ही काही कमी केलं का?”

“काही कमी नाही केलंस बाळा. पाण्याचा पेलासुद्धा हातात मिळतो तिथे. तेच तर.”

तो बाकावर बसला. म्हणाला, मग इथे काय असं आहे. ती म्हणाली, तळमजला. त्याला हसावं की रडावं कळेना, त्याने दोन्ही थोडं थोडं केलं. माझा मुलगाही याच बाकावर बसून रडला होता, मला सोडायला आला तेव्हा. मी तेव्हा महिनाभर उशी भिजवली. आपल्या पायांनी चालत येणारी बाई मी पहिल्यांदा बघत होते, आणि मला तिचा थोडा हेवा वाटला. मी मुलाला चहा सांगितला. त्याने दर पंधरा दिवसांनी रविवारी भेटायला येईन म्हणून सांगितलं आणि ती म्हणाली, ये, पण दहाच्या आत ये.

मॅनेजर अर्ज मोठ्याने वाचत भरत होता. वय, रक्तगट, औषधं. मग आलं, दाखल होण्याचं कारण. इथे सगळ्यांचं एकच असतं, घरी बघणारं कुणी नाही. मॅनेजरने न विचारता तेच लिहायला घेतलं. बाईने पेन त्याच्या हातातून घेतलं आणि स्वतः लिहिलं. त्याने कागद फिरवून मोठ्याने वाचला.

“जागा आहे.” त्याने मान हलवली. “असं कारण चालत नाही बाई.”

“गाडीवर अठ्ठावीस वर्षं हेच चाललं.”

मॅनेजरने ड्रॉवरमधून शिक्का काढला आणि मारला. आता आम्ही सत्तावीस.